पेन्शन आलात? ईसीएचएसचं काम धडधाकट असतानाच उरका

सातारा जिल्ह्यात फौजेत कोणी नाही असं गाव शोधावं लागतं. मिलिटरी अपशिंगेचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि आजही त्या गावात फौजी घरांची कमी नाही. सैनिक स्कूल १९६१ पासून साताऱ्यात आहे. भरतीला किती पळावं लागतं, छाती किती लागते, हे इथल्या दहावीतल्या पोराला तोंडपाठ असतं. पण वीस-बावीस वर्षं नोकरी करून माणूस पेन्शन आला, की पुढं त्याचा आणि घरच्यांचा दवाखाना कसा चालतो हे नीट सांगणारा पटकन भेटत नाही.

नोकरीत असताना हे शिकायची वेळच येत नाही. अंगात ताप असला की सिक रिपोर्ट द्यायचा, एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जायचं, तिथून गरज पडली तर एमएच, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. गाडी युनिटची, कागद क्लार्कचे, औषध सरकारचं. घरी आल्यावर या सगळ्याची जागा ईसीएचएस घेते, म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. फरक इतकाच, की इथं कागद तुमचे तुम्ही सांभाळायचे.

मी पेन्शनर आहे आणि आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच जणांचे अर्ज भरताना शेजारी बसलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: ही योजना कागदावर चालते. ज्यांचे कागद आधीपासून सरळ आहेत त्यांच्या घरात बायपाससारखं ऑपरेशनसुद्धा खिशाला हात न लावता झालेलं मी पाहिलंय. आणि पेशंट आयसीयूत असताना ज्यांची पोरं कागद गोळा करत फिरली, त्यांचे हालही पाहिलेत. म्हणून काल-परवा पेन्शन आलेल्या, अजून सकाळी पाच किलोमीटर पळणाऱ्या भावांसाठी हे लिहितोय. आणि त्याहून जास्त त्यांच्या घरातल्या वहिनींसाठी, कारण वेळ येते तेव्हा धावपळ त्यांनाच करावी लागते.

आधी योजना कळू द्या

ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. संरक्षण मंत्रालयाचा माजी सैनिक कल्याण विभाग ती चालवतो. पेन्शन घेणारा माजी सैनिक, मग ती सेवेची पेन्शन असो की अपंगत्वाची, आणि कुटुंब पेन्शन घेणारी पत्नी, हे योजनेचे सदस्य. एकदाच वर्गणी भरायची, पुढं हप्ता नाही, नूतनीकरणाची फी नाही.

वर्गणी हुद्द्यावर ठरते. २०१७ च्या डिसेंबरअखेर दर बदलले, त्यानुसार हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७,००० रुपये आणि अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. ॲडमिट झाल्यावर मिळणारा वॉर्डही त्याच क्रमानं: जनरल, सेमी-प्रायव्हेट, प्रायव्हेट. हक्कापेक्षा वरची खोली घेतली तर वरचे पैसे आपले. हल्ली पेन्शन येताना ही वर्गणी देण्यातूनच वळती होते. ती झाली आहे ना, हे आपल्या हिशेबाच्या कागदावर स्वतः बघून घ्या. युद्धविधवा, युद्धात अपंग झालेले जवान आणि १ जानेवारी १९९६ पूर्वी पेन्शन आलेले जुने फौजी यांना वर्गणी माफ आहे.

खासगी आरोग्य विमा घेतलेल्यांना दोन गोष्टी सांगितल्या की आश्चर्य वाटतं. इथं जुना आजार म्हणून नाकारत नाहीत, वयाची अट नाही. आणि उपचाराच्या खर्चाला पाच लाख, दहा लाख अशी वरची मर्यादाही नाही. डायलिसिस असो वा कॅन्सर, योजनेच्या नियमात बसलं की चालू राहतं.

१ एप्रिल २००३ नंतर पेन्शन आलेल्यांना सदस्यत्व बंधनकारक आहे. त्याआधीचे काही आजोबा अजून बाहेर आहेत आणि महिना १००० रुपये वैद्यकीय भत्ता घेतात. ईसीएचएसमध्ये आलं की तो भत्ता बंद होतो, म्हणून ते तयार होत नाहीत. वर्षाचे १२,००० रुपये हातात येतात हे खरं. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला एकदा ॲडमिट केलं की ते कुठल्या कुठं जातात. घरात असे आजोबा असतील तर त्यांना बसवून समजावून सांगा.

पहिलं काम: नावं आणि तारखा जुळवा

अर्ज अडतो तो इथंच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

पुढचे कागद एका टेबलावर पसरा: फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, तुमचं नि बायकोचं आधार आणि पॅन, मुलांचे जन्मदाखले आणि आधार, आईवडिलांचं आधार, बँक पासबुक. मग प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदावर काय आहे ते एका वहीत उतरवा. अक्षरन् अक्षर.

आपल्याकडं काय घडतं ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नात मुलीचं नाव बदललं. युनिटमध्ये लग्नाची नोंद करताना कोणी माहेरचं नाव सांगितलं, कोणी सासरचं. आधारवर तिसरंच, कारण तिथं शाळेच्या दाखल्यावरचं आलं. आईचं नाव डिस्चार्ज बुकात घरी हाक मारायचं आणि आधारवर कागदोपत्री. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसं तर आपल्या पिढीत गावोगाव आहेत, आणि भरतीच्या वेळी दुसरीच तारीख लागलेली असते. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळा: एकीकडं शेवटी ‘ए’ आहे, दुसरीकडं नाही.

संगणकाला ‘तीच बाई आहे हो’ हे समजत नाही. म्हणून फरक सापडला की त्याचे दोन भाग करा. स्पेलिंगसारखा किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. तहसील कचेरीच्या आवारात ते करून मिळतं. पण पत्नीचं नाव किंवा जन्मतारीखच चुकली असेल, किंवा एखाद्या मुलाची नोंदच नसेल, तर मूळ नोंद दुरुस्त करावी लागते. ती आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसमध्ये होते. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला लिहायचं, तोफखान्याच्या जवानांनी नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सनी खडकीला. महार रेजिमेंटचं रेकॉर्ड मध्य प्रदेशात सागरला आहे. अर्ज थेट पाठवता येतो, पण माझा सल्ला, साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठवा. त्यांना कुठल्या दुरुस्तीला कुठला नमुना लागतो हे माहीत असतं, आणि पत्र गहाळ झालं तर मागोवा घ्यायला जावक क्रमांक हातात राहतो. पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर असेल तर तिथल्या प्रोफाइलमध्येही नावं तपासा. तिथलं आणि रेकॉर्डमधलं वेगळं असेल तर पुढं कुटुंब पेन्शनलाही हाच काटा आडवा येतो.

याला महिने लागतात. म्हणून तर धडधाकट असताना करा म्हणतोय.

कोणाचं कार्ड निघतं, कोणाचं नाही

बायकोचं निघतं. मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, तेही तो अविवाहित आणि कमवत नसेल तर. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत. तिला २५ ची मर्यादा नाही. घटस्फोटित किंवा विधवा होऊन माहेरी परत आलेली, वडिलांवर अवलंबून असलेली मुलगीही पात्र ठरते. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला वयाची अट नाही. त्यासाठी अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते आधी काढा.

आईवडिलांबद्दल घोळ होतो. त्यांचं सगळ्या मार्गांचं मिळून उत्पन्न महिना ९,००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी पाहिजे, आणि ते तुमच्यावर अवलंबून पाहिजेत. सगळ्या मार्गांचं म्हणजे शेतीचंही. सातबारा वडिलांच्या नावावर असेल, ऊस कारखान्याला जात असेल, तर ते उत्पन्न लपवून अर्ज करू नका. खोटी माहिती निघाली तर अख्ख्या घराचं कार्ड अडचणीत येतं. माण-खटावकडच्या कोरडवाहू घरांत बहुतेक आईवडील सहज बसतात, त्यांनी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडावा.

मुलगा नोकरीला लागला, मुलीचं लग्न झालं, तर ते स्वतःहून कळवा. अवलंबितांची पात्रता पुन्हा पुन्हा तपासली जाते. एकाचं लपवलेलं लग्न सगळ्यांच्या कार्डाला घोर लावतं.

दुसरं काम: अर्ज

अर्ज ईसीएचएसच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. वर जुळवलेले कागद स्कॅन करून, सगळ्यांचे फोटो आणि सह्या चढवून. फाइलचा आकार, फोटोची पार्श्वभूमी याच्या सूचना तिथंच असतात. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाइल नंबर तुमचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेली प्रकरणं मी पाहिली आहेत: पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं जातो आणि माणूस त्याच्या दुकानाच्या खेटा घालत बसतो.

पालक पॉलिक्लिनिक, म्हणजे आपला नेहमीचा ईसीएचएस दवाखाना, निवडायला सांगतात, तिथं आपल्याला जवळचं टाका. साताऱ्यात पॉलिक्लिनिक आहे, कोल्हापूर आणि पुण्याकडंही आहेत. आपलं गाव कुठल्या बाजूला मोडतं, एसटी कुठली सोयीची पडते, हे बघून ठरवा. उद्या मुलाकडं पुण्याला राहायला गेलात तर ते बदलताही येतं. आणि कार्ड असलं की देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये दाखवता येतं, जम्मूला मुलाच्या पोस्टिंगवर गेला असलात तरी.

अर्जात त्रुटी निघाली तर तो पोर्टलवरच परत येतो. फोनवर कोणी सांगेल याची वाट न बघता आठवड्याला एकदा लॉगिन करून बघत राहा. अर्ज गेल्यावर तात्पुरती स्लिप निघते. ती छापून ठेवा, कार्ड येईपर्यंत तिच्यावर काम चालतं. कार्ड प्रत्येकाचं वेगळं असतं, ६४ केबीचं स्मार्ट कार्ड. ते चालू करायला बोटांचे ठसे लागतात, म्हणून वयस्कर आईला एकदा तरी स्वतः न्यावं लागतं. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ठसा उमटत नाही. अशा वेळी चिडू नका, दुसरं बोट लावून बघू द्या.

जुनं १६ किंवा ३२ केबीचं कार्ड कपाटात असेल तर ते आता उपयोगाचं नाही. नवीन काढा.

पॉलिक्लिनिकमध्ये पहिली फेरी

आजार नसताना एकदा जाऊन या. बायकोला बरोबर न्या. पॉलिक्लिनिक हे ॲडमिट व्हायचं हॉस्पिटल नाही. तिथं मेडिकल ऑफिसर तपासतात, दातांचे डॉक्टर असतात, रक्त-लघवीच्या नेहमीच्या तपासण्या होतात, औषधं मिळतात, आणि गरज असेल तर पुढं पाठवतात. प्रमुखाला ओआयसी म्हणतात, म्हणजे ऑफिसर इन्चार्ज, आणि तोही बहुतेक निवृत्त अधिकारीच असतो. बाकीचा स्टाफ कंत्राटी. कधी डॉक्टरची जागा रिकामी असते आणि एकाच डॉक्टरसमोर सगळी रांग लागते. गर्दी सकाळी असते, कारण पाटण, जावळीच्या डोंगरातली माणसं पहिल्या एसटीनं येतात. ऑनलाइन वेळ घेऊन जाता येतं, ते मुलांकडून शिकून घ्या.

त्या दिवशी तीन गोष्टी करून परत फिरा. ओआयसी आणि रिसेप्शनचा फोन नंबर लिहून घ्या. सूचना फलकावरची मान्यताप्राप्त हॉस्पिटलांची यादी मोबाइलमध्ये टिपा, सगळे त्यांना ‘एम्पॅनल हॉस्पिटल’ म्हणतात. आणि तुमच्या गावापासून रात्री लवकर पोचता येईल असं यादीतलं हॉस्पिटल कुठलं, हे वहिनींना दाखवून ठेवा. यादी बदलत राहते, नवीन हॉस्पिटलं येतात, जुनी निघतात. दर काही महिन्यांनी तिच्यावर नजर टाका. शेजाऱ्यानं तीन वर्षांपूर्वी जिथं ऑपरेशन केलं ते आजही यादीत असेलच असं नाही.

तिसरं काम: रेफरल समजून घ्या

सगळ्या योजनेचा कणा हा आहे. हृदयाच्या डॉक्टरला दाखवायचंय, गुडघ्याचा एमआरआय करायचाय, मोतीबिंदू काढायचाय, तर आधी पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरनं रेफरल, म्हणजे पुढं पाठवायची चिठ्ठी, द्यायला पाहिजे. ते ऑनलाइन निघतं. ती सोय असलेल्या यादीतल्या हॉस्पिटलांपैकी कुठं जायचं हे तुम्ही सांगू शकता. पॉलिक्लिनिकमधून ‘इथंच जा’ अशी सक्ती होत नाही. मिरजेत नात्यातलं कोणी राहतं, पुण्यात मुलगा आहे, तर तसं सांगा. फक्त तिथं त्या आजाराची मान्यता आहे ना हे विचारा. एखादं हॉस्पिटल यादीत असतं, पण डोळ्यांसाठीच.

रेफरल हातात आलं की दारातच उभं राहून वाचा. नाव बरोबर आहे का. कशासाठी दिलंय, फक्त सल्ल्यासाठी की तपासण्यांसाठी की ॲडमिट होण्यासाठी. मुदत कधी संपते. सल्ल्याचं रेफरल घेऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर ‘अँजिओग्राफी करू’ म्हणाले की परत पॉलिक्लिनिक गाठावं लागतं, आणि पुण्याहून साताऱ्याला तेवढ्यासाठी येणं जिवावर येतं. म्हणून आधीच विचारा: ‘साहेब, तपासण्या यातच बसतील का?’ डायलिसिस, केमोथेरपी अशा लांबणाऱ्या उपचारांत मुदत संपायच्या आठवडाभर आधी नवीन रेफरल काढायची सवय लावून घ्या.

काही उपचार दरपत्रकात नसतात, त्यांना आधी मंजुरी लागते. इम्प्लांट, स्टेंट, सांधा बदलणं यांचे दर सीजीएचएसनं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेनं ठरवलेले आहेत. ‘तुमच्या योजनेतला सांधा हलका असतो, वरचे पैसे भरा’ असं कोणी सांगितलं तर सही करण्याआधी पॉलिक्लिनिकला फोन करा.

हॉस्पिटलात गेल्यावर त्यांच्या ईसीएचएस काउंटरला कार्ड आणि रेफरल द्यायचं. योजनेत बसणाऱ्या उपचारासाठी डिपॉझिट मागायचा त्यांना अधिकार नाही. तरी मागतात. कधी कधी ‘ईसीएचएस सध्या बंद आहे’ असंही सांगतात. त्यामागं बहुतेक वेळा सरकारकडून अडकलेली बिलं असतात आणि हॉस्पिटलांची ती तक्रार खरी आहे, पण त्याचा भार आजारी पेशंटवर टाकणं मला पटत नाही. अशा वेळी आवाज चढवू नका. ‘नाही म्हणताय ते लेखी द्या’ एवढंच म्हणा आणि तिथूनच ओआयसींना फोन लावा. निम्म्या वेळा तेवढ्यानं खाट मिळते.

डिस्चार्जच्या वेळी बिलावर सही घेतात. पैसे आपण देत नाही म्हणून डोळे झाकून सही करू नका. जी तपासणी झालीच नाही ती लिहिली असेल तर विचारा, तो पैसा आपल्याच योजनेचा आहे. डिस्चार्ज समरी आणि रिपोर्ट मागून घ्या, त्याशिवाय पॉलिक्लिनिक पुढची औषधं कशाच्या आधारे देणार?

रात्री-अपरात्री काय करायचं

छातीत दुखायला लागलं, अपघात झाला, लकवा मारला, तर रेफरलसाठी थांबू नका. हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ पाहिजे. यादीतल्या हॉस्पिटलात थेट जा, कार्ड दाखवा. तातडीच्या पेशंटची खबर ईसीएचएसला ४८ तासांच्या आत देणं हे त्या हॉस्पिटलचं काम आहे, आणि उपचार कॅशलेसच होतात. तरीही घरच्यांनी सकाळी पॉलिक्लिनिकला एक फोन करावा.

यादीतलं हॉस्पिटल लांब असेल तर जे जवळ आहे तिथं न्या. जीव आधी. महाबळेश्वरच्या घाटात कोणाला यादी बघायला सांगायची? पण मग दोन गोष्टी तुमच्यावर येतात. एक, ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. तोंडी सांगून भागवू नका, मेसेज किंवा ईमेल करा म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. दुसरं, बिल आधी तुम्ही भरायचं आणि मग परत मागायचं. मिळतं ते सीजीएचएसच्या दरानं. बिल दीड लाखाचं झालं आणि दरानं लाख बसत असेल, तर लाखच मिळतील. म्हणून पेशंट जरा स्थिर झाला, डॉक्टरनं हलवायला हरकत नाही म्हटलं, की यादीतल्या हॉस्पिटलात न्या.

परताव्यासाठी काय लागतं ते डिस्चार्जच्या दिवशीच मागा: डॉक्टरच्या सही-शिक्क्याचं तातडीचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज समरी, मूळ बिलं तपशिलासह, औषधांच्या पावत्या प्रिस्क्रिप्शनसकट, पैसे भरल्याच्या पावत्या, स्टेंट वगैरे बसवला असेल तर त्याचं स्टिकर. नंतर महिन्याभरानं जाऊन तातडीचं प्रमाणपत्र मागितलं की ‘ते डॉक्टर सोडून गेले’ हे ऐकावं लागतं. आमच्या भागातल्या एका निवृत्त नायकाच्या घरी असंच झालं. मुलगा पुण्याहून रजा काढून आला तेव्हा बिलं होती, प्रमाणपत्र नव्हतं. ४८ तासांचं तर कोणालाच माहीत नव्हतं. पैसे अडकले ते अडकलेच. नायकसाहेबांना सगळं ठाऊक होतं, पण ते स्वतः व्हेंटिलेटरवर होते. म्हणून पुन्हा सांगतो, हे वहिनींना आणि मुलांना माहीत पाहिजे.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आपल्याकडं ठेवून मगच क्लेम जमा करा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

औषधं

बीपी, शुगरच्या गोळ्या दर महिन्याला लागतात. पॉलिक्लिनिकमध्ये त्या बऱ्याचदा जेनेरिक मिळतात. रंग-डबी वेगळी दिसली म्हणून बंद करू नका, डॉक्टरला घटक दाखवून खात्री करा. कधी कधी औषध शिल्लक नसतं. तेव्हा ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, अशी नोंद प्रिस्क्रिप्शनवर करून घ्या. त्या नोंदीवर ठरावीक पद्धतीनं बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे परत मागता येतात. नोंद न घेता चरफडत मेडिकलमधून विकत आणली तर तो खर्च आपला. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी जा.

घरी बसून डॉक्टरशी बोलायचं असेल तर सेहत ओपीडी आहे. मे २०२१ पासून सैन्यदलाचे डॉक्टर व्हिडिओवरून सल्ला देतात, माजी सैनिकांनाही. मुलाच्या मोबाइलवर एकदा चालू करून बघा.

तोफखान्यात किंवा रणगाड्यावर नोकरी केलेल्या बऱ्याच जणांना पन्नाशीनंतर ऐकू कमी येतं आणि ते ‘वयामुळं असेल’ म्हणून गप्प बसतात. श्रवणयंत्र या योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत मिळतं. कान तपासून घ्या. ज्यांचा पाय सुरुंगात किंवा अपघातात गेला त्यांनी पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर लक्षात ठेवावं. १९४४ पासून ते सैनिकांना कृत्रिम अवयव बसवतंय. कण्याच्या दुखापतीनं खुर्चीला खिळलेल्यांसाठी खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे.

अडलं तर

आधी ओआयसींना भेटा, लेखी अर्ज द्या. तिथं नाही सुटलं तर पुण्याचं रीजनल सेंटर. त्यानंतर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, म्हणजे सीपीग्राम्सवर नोंदवा. तिथं क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. तक्रारीत तारीख, कार्ड क्रमांक, रेफरल क्रमांक, काय घडलं, काय पाहिजे, इतकंच लिहा.

सत्तरी ओलांडलेल्यांना एक इशारा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचं संरक्षण मिळतं, आणि गावात शिबिर लावून कार्ड काढून देतात. ईसीएचएसवाल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. शिबिरात गर्दीत अंगठा लावण्याआधी घरात बोला. ईसीएचएसला खर्चाची मर्यादा नाही आणि बायकोही त्यात आहे, हे विसरू नका.

फौजी गेल्यावर

बोलायला जड जातं, पण लिहितो. पती गेल्यावर पत्नीचं सदस्यत्व संपत नाही. वर्गणी आधी भरलेली असेल तर परत भरावी लागत नाही. पण तिला कुटुंब पेन्शन सुरू करून घ्यावी लागते आणि त्या आधारावर स्वतःच्या नावानं कार्ड नव्यानं करावं लागतं. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून जास्त प्रती घेऊन ठेवा, पेन्शनला, बँकेला, ईसीएचएसला, सगळीकडं लागतो. दिवस-कार्य झालं की थोरल्या मुलानं किंवा दिरानं ताईंना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जावं. सुरुवातीला जुळवलेली ती नावं इथं परत कामाला येतात.

पेन्शन नसलेल्यांनी काय करायचं

पाच-सात वर्षांत घरी आलेले, पेन्शन न मिळालेले जवानही आपल्याकडं आहेत. त्यांना ईसीएचएस सरसकट लागू होत नाही. पण दवाखान्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची आर्थिक मदत आहे: हवालदारापर्यंतच्या पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना उपचाराच्या खर्चासाठी, आणि कॅन्सर, हृदयविकार, किडनीसारख्या गंभीर आजारांत वेगळी. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. त्यासाठी माजी सैनिकाचं ओळखपत्र पाहिजे आणि खर्चाची मूळ बिलं पाहिजेत. जोडीला राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिच्यातल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट होताना आधी त्याच्याकडं जा.